यासीन मोमीन यांची अकरा मिनिटं

यासीन मोमीन मंगळवारी दुपारी साताऱ्यात वारले. जेवण झालं, ते खुर्चीत बसले, आणि त्यांची बायको पाणी घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते. मला सांगलीत पाच वाजता फोन आला. बुधवारी सकाळी माधवनगरला दफन झालं. शनिवारी रुग्णालयाच्या सभागृहात शोकसभा झाली.

शोकसभेत आमचे प्रशासक बोलले. मोमीन हसतमुख होते, असं ते म्हणाले. सगळ्यांना सांभाळून घेत, असं म्हणाले. आज आपल्या रुग्णालयाचा सर्व्हर एकदाही न थांबता चालतो, त्याचा पाया मोमीन यांच्यासारख्यांनी घातला, असंही म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारच्या परिचारिकेने डोळे पुसले. मी उभी राहून काही बोलले नाही. मी कधीच बोलत नाही. ग्रंथपालाच्या नोकरीत तो गुण समजतात.

ते हसतमुख नव्हते. अठरा वर्षांत मी त्यांना मोजून तीन-चार वेळा हसताना पाहिलं असेल. आणि सांभाळून घेणं तर त्यांना येतच नव्हतं. ते आलं असतं तर ते अजून याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागच्या, सर्व्हरच्या थंड खोलीत बसलेले असते. राग ओसरला की लिहू, असं मी ठरवलं होतं. दोन महिने झाले. तो ओसरत नाही. तेव्हा आता तसंच लिहिते.

सांगली-मिरज रस्त्यावरचं हे विश्वस्तांचं रुग्णालय. इथले सगळे संगणक यासीनभाईंच्या ताब्यात होते. बुटके, रुंद खांद्यांचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्म्याला काळा दोरा, खिशात कायम एक पेचकस. पदवी नव्हती. माधवनगरच्या एका गिरणीत त्यांचे वडील जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. यासीनभाई आयटीआय करून रुग्णालयात वायरमन म्हणून लागले आणि पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यापुढे बसले ते उठलेच नाहीत. इंग्रजी वाचायचे, पण लिहायला कचरायचे. संगणकाच्या आतली भाषा मात्र ते मी कादंबरी वाचते तशी वाचायचे. मधेच थांबायचे, दोन पानं मागे जायचे, आणि चिडायचे.

त्यांना ‘आपोआप’ हा शब्द खपत नसे. कोणी फोन करून म्हटलं की, सर, संगणक आपोआप बंद पडला, तर इकडून उत्तर ठरलेलं : “आपोआप काय व्हत न्हाई. आपोआप फकस्त केस पांढरी व्हत्यात.” आणि कोणी ‘हँग झालाय’ म्हटलं की ते विचारत, “कशाची वाट बघतोय?” त्यांच्या मागे लोक याची नक्कल करून हसत. उपाहारगृहात चहा यायला उशीर झाला की कोणीतरी घोगरा आवाज काढून विचारी, चहा कशाची वाट बघतोय? पण त्यांचा तो खराच प्रश्न असे. अडकलेलं यंत्र मेलेलं नसतं, ते कशाची तरी वाट बघत असतं, आणि कशाची ते शोधणं हे आपलं काम, असं ते मानत. ही पद्धत वडिलांची. माग अडकला की बाकीचे कामगार आधी माग चालवणारा पट्टा काढून मोकळे होत. मोमीन जॉबर तशाच अडकलेल्या मागापुढे उकिडवे बसत, कुठला दोरा कुठे ताणलाय ते बघत, आणि बघून होईपर्यंत कोणाला हात लावू देत नसत. मुकादम शिव्या द्यायचा. जॉबर बसून राहायचा.

ही पद्धत आमच्या वाट्यालाही आली. एकदा ग्रंथालयातला संगणक अडकला. मी यासीनभाईंना फोन केला, आणि ते जिना चढून येईपर्यंत आमच्या शिंदे शिपायाने बटण दाबून तो बंद करून पुन्हा चालूही केला. यासीनभाई दारात आले.

“कुणी बंद केला?”

“म्या,” शिंदे खुशीत म्हणाला. “चालू झाला की आता. झ्याक!”

“शिंदे, तुमच्या घरात चोरी झाली आन् पोलीस आलं, तर पोलीस यायच्या आदी तुमी फरशी पुसून घेता का?”

“आवं पण चालू झाला न्हवं?”

“चोर गेल्यावर घर बी चालूच असतंय.”

ते वळले आणि गेले. आठ दिवस ते माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत, कारण ग्रंथालय माझं होतं आणि मी शिंदेला अडवलं नव्हतं. मला तेव्हा हे फार वाटलं. एका बटणासाठी इतकं? आता वाटतं, त्या आठ दिवसांत मी काही शिकले असते तर पुढचं थोडं वेगळं झालं असतं.

यासीनभाईंच्या शेजारच्या विभागात संगीता होती. कोरेगाव तालुक्यातली, क्ष-किरण तंत्रज्ञ, तीन वर्षं करारावर. मोठ्याने हसायची, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. साऱ्या रुग्णालयात यासीनभाईंची चेष्टा त्यांच्या तोंडावर करणारी ती एकटी.

“चाचा, तुमचं मशीन माझ्यावर रुसलंय.”

“मशीन रुसत न्हाई, माणसं रुसत्यात. कशाची वाट बघतंय ते सांग.”

“माझ्या लग्नाची.”

मी त्यांना हसताना पाहिलं त्या तीन-चार वेळांतली ही एक.

संगीताच्या तिसऱ्या वर्षी रुग्णालयाने चित्रं साठवण्यासाठी नवीन यंत्रणा घेतली. क्ष-किरणांची, स्कॅनची सगळी चित्रं तिथे जमा होणार आणि डॉक्टर आपापल्या खोलीत ती बघणार. पुण्याच्या एका कंपनीने ती बसवली. प्रशासकांनी नारळ फोडला, फोटो निघाले. खरेदी त्यांची होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांनी ती अडकायला लागली. रोज नाही. पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, नेहमी दुपारी. पडदा दिसायचा, माउस हलायचा, पण एकही चित्र उघडायचं नाही. कंपनीला फोन केला की पलीकडचा मुलगा म्हणायचा, बंद करून चालू करा. बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत. फक्त त्याआधीच्या काही मिनिटांतली दोन-तीन चित्रं सापडायची नाहीत.

तीन वेळा ती सापडली नाहीत, आणि तिन्ही वेळा पाळी संगीताची होती. तिसऱ्या वेळी चित्र गेलं ते एका विश्वस्तांच्या सासऱ्यांचं. खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस, त्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, ते ओरडले, जावई ओरडले. संगीता म्हणाली, मी चित्र पाठवलं होतं, मशीनने ‘मिळालं’ असं दाखवलं होतं. सर्व्हरवर त्याची कुठेच नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे पाठवलं नाही. तिला कामावरून थांबवलं आणि चौकशी समिती नेमली. इतिवृत्त लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं. माझं मराठी चांगलं आहे म्हणून मला बसवलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यासीनभाई ग्रंथालयात आले. थंड खोलीत खायला मनाई होती, म्हणून ते डबा घेऊन माझ्याकडे येत आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

“बाई, तुमच्याकडं कोशाचं खंड हायेत. समजा एका माणसाकडं पयला खंड हाय आन् त्येला दुसरा पायजे. दुसऱ्याकडं दुसरा हाय आन् त्येला पयला पायजे. दोघं बी म्हणायल्यात, हातातला सोडणार न्हाई, आदी त्येचा द्या. किती येळ उभं ऱ्हातील?”

“मी रागवेपर्यंत.”

“तुमी न्हाईच आसं समजा. दोघंच. आन् दोघं बी दारात.”

“मग कायमचे उभे राहतील.”

“आन् मागनं येणारा परत्येक जण त्यांच्या मागं. हे झालंय. डिस्कशी बोलणारा जो ड्रायव्हर हाय, कर्नेलमधला, म्हंजी मशीनच्या गाभ्यातला, त्याच्यात दोन वाटा हायेत. एक रोजची. दुसरी डिस्कनं उत्तर द्यायला उशीर केला तर सावरणारी. दोन कुलपं हायेत. रोजची वाट पयलं लावून दुसऱ्याची वाट बघती, सावरणारी दुसरं लावून पयल्याची. नेमकी दोन्ही एका टायमाला आल्या की संपलं.”

“आणि दुपारीच का?”

“कंपनीवाल्यांनी डिस्कची तपासणी दोनला लावून ठेवलीया. तवा डिस्क हळू व्हती. आन् दोनची पाळी करारावरच्या पोरींची. म्हणून संगी. तिचा काय बी संबंध न्हाई.”

मी विचारलं, मग यंत्रणेत याची नोंद का नाही? कुठेतरी लिहिलं गेलं असेल ना?

“नोंद लिवायची कुठं? त्याच डिस्कवर. तुमचं रजिस्टरच त्या दाराच्या पल्याड हाय, बाई. आन् तिचं फोटो मशीननं घेतलं ते बी खरं. घेतलं, ‘मिळालं’ म्हणून सांगितलं, पर डिस्कवर जायच्या आदीच आपुन बटण दाबून बंद केलं. फोटो बी गेलं, पुरावा बी गेला. तीन बारीला. तिनं न्हाई, आपुन.”

असं आहे हे त्यांनी तर्काने काढलं होतं. सिद्ध करायला यंत्र अडकलेलं असतानाच बघायला हवं होतं, कोणी हात लावायच्या आत. त्यांनी अडगळीतला एक जुना संगणक आणला, एका केबलने सर्व्हरला जोडला. डिस्क अडकली तरी कर्नेल या केबलवरून बोलू शकतं. कोण कोणाची वाट बघतंय याची यादी ते या दुसऱ्या पडद्यावर टाकू शकतं. समितीकडे त्यांनी मुदत मागितली. दहा दिवस मिळाले. त्यांनी सगळ्या विभागांत स्वतः फिरून डॉक्टरांना सांगितलं की, सर्व्हर अडकलाच तर दहा-पंधरा मिनिटं चित्रं यंत्राच्या पडद्यावरच बघा, मी नंतर चालू करतो. डॉक्टर हो म्हणाले. कोणाला त्रास होणार नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आठव्या दिवशी दुपारी सव्वादोनला ते अडकलं.

आरडाओरडा ऐकून मी वर गेले. थंड खोलीच्या दारात यासीनभाई दोन्ही हात चौकटीला लावून उभे होते. समोर प्रशासक आणि त्यांच्यामागे बाळू वायरमन.

“मोमीन, बाजूला व्हा.”

“सायेब, धा मिन्टं.”

“खाली रुग्ण आहेत!”

“हायेत. त्यांचं फोटो डॉक्टर मशीनवर बघायल्यात. खाली इचारा. मी बंद करू देणार न्हाई. आत्ता बंद केला तर बिघाड परत न्हाई सापडायचा.”

“तुम्ही मला शिकवायचं नाही. बाळू, आत जा, मेन काढ.”

यासीनभाई बाळूकडे बघून म्हणाले, “गड्या, आत यायचं तर मला ढकलून यावं लागंल. ढकलतोस?”

बाळूने साहेबांकडे बघितलं, यासीनभाईंकडे बघितलं, आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला. “मी जरा बसतो सायेब. गुडघं लय दुखायल्यात सकाळधरनं.”

मागच्या जुन्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. यासीनभाई मान वळवून त्या वाचत होते आणि हात चौकटीवरून काढत नव्हते. प्रशासक घड्याळ बघत होते. मधे एकदा खालून फोन आला. यासीनभाईंनी मला मानेने खूण केली, मी तो घेतला. अस्थिरोग विभागाचे डॉक्टर विचारत होते, अजून किती वेळ, घाई नाही, सहज विचारतो. मी हे मोठ्याने सांगितलं. प्रशासकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग यासीनभाई म्हणाले, “घावलं,” आत गेले, पडद्याचे फोटो काढले, यादी साठवली आणि स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद करून चालू केला. अकरा मिनिटं झाली होती. कोणाच्याही उपचारात खंड पडला नाही.

समितीपुढे त्यांनी ती यादी ठेवली. दोन नावं, दोन कुलपं, एकाच्या हातात दुसऱ्याचं. फळ्यावर खडूने आकृती काढून दाखवली. समितीतले एक डॉक्टर मान हलवत होते, मला वाटलं त्यांना पटलं. मग पुण्याच्या कंपनीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून तोच मुलगा बोलला. त्याने एकच विचारलं : पुन्हा सुरू केल्यावर व्यवस्थित चालतं ना? चालतं. मग सिस्टीममध्ये दोष नाही, सर.

प्रशासकांनी निष्कर्ष तोंडी सांगितला. मी लिहिला. “यंत्रणा पुन्हा सुरू केल्यावर प्रत्येक वेळी सुरळीत चालली. त्यावरून यंत्रणेत दोष आढळून येत नाही. सदर चित्रे संबंधित तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे पाठवली गेली नाहीत, असे समितीचे मत आहे.” सांगताना त्यांनी ‘म्हणून’ म्हटलं होतं. मी ते बदलून ‘त्यावरून’ केलं, कारण वाक्याला ते बरं दिसत होतं. महिनाअखेर संगीताचा करार संपला, तो वाढवला नाही. यासीनभाईंना नोटीस मिळाली : अकरा मिनिटे रुग्णसेवेत जाणीवपूर्वक अडथळा आणल्याबद्दल लेखी माफी सादर करावी.

अहवालाची प्रत घेऊन ते ग्रंथालयात आले. त्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे तुमचं?”

“साहेबांनी सांगितलं.”

“अक्षर?”

“माझं.”

“मग?”

ते उभेच होते. मी मराठीच्या पदव्या घेतल्या आहेत, दुसऱ्यांच्या वाक्यातली खोट मला लांबून दिसते. त्या वाक्यातली खोट मला लिहितानाच दिसली होती. ज्या बटणाने पुरावा पुसला जातो तेच बटण त्यात पुरावा म्हणून वापरलं होतं. शिंदेने फरशी पुसली होती, आणि मी त्याचा अहवाल शुद्ध भाषेत लिहून दिला होता.

पुढचे तीन आठवडे ते माझ्याकडे जेवायला आले नाहीत. ते घरी, स्वतःच्या संगणकावर, ड्रायव्हरच्या त्या हजारो ओळी वाचत होते. नंतर एक दिवस आले आणि टेबलावर एक कागद टाकला.

“राग हाय अजून. पर तुमचं इंग्रजी लागतंय.”

कर्नेल कोण्या एका कंपनीचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. जगभरातली माणसं ते मिळून लिहितात. कोणालाही चूक सापडली तर त्याने दुरुस्ती लिहून पाठवायची, चूक काय आणि दुरुस्ती बरोबर का हे पटवून द्यायचं. जाणकार ती वाचतात, उलटतपासणी घेतात, आणि पटली तर घेतात. यासीनभाईंची दुरुस्ती पाच ओळींची होती. सावरणाऱ्या वाटेने दुसऱ्याची वाट बघण्याआधी आपलं कुलूप सोडायचं, काम झालं की पुन्हा लावायचं. बस्स. त्यांनी घरी तसलीच यंत्रणा उभी करून डिस्क मुद्दाम हळू केली होती. जुन्या ड्रायव्हरने ती दर वेळी अडकली, नव्याने एकदाही नाही.

आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. नऊ दिवसांनी कुठल्या तरी परक्या देशातून उत्तर आलं. विश्लेषण चांगलं आहे, असं पहिल्याच ओळीत होतं, आणि मग सात प्रश्न. कुलूप सोडलेलं असताना तिसराच कोणी आला तर? यासीनभाई खूश झाले. “ह्यो बघ, ह्याला म्हणायचं चौकशी,” असं त्या पडद्यालाच म्हणाले. तीनदा पत्रं गेली-आली. तिसऱ्या वेळी दुरुस्ती मान्य झाली, फक्त शेवटच्या ओळी नीट भरा, असं सांगितलं. तिथे प्रत्येक दुरुस्तीच्या खाली नावं लिहायची रीत आहे : कोणी लिहिली, कोणी तपासली, आणि बिघाड पहिल्यांदा कोणी कळवला. ती नावं त्या दुरुस्तीबरोबर कायम राहतात.

“संगीचं आडनाव इंग्रजीत कसं लिवत्यात?”

मी विचारलं, कशाला?

“कळवणारी म्हणून तिचं नाव घालायचंय.”

“पण तिने कुठे कळवलं? तिच्यावर तर आळ आला.”

त्यांनी चष्मा काढला. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ते हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं.

“बाई, तिनं तीन बारीला सांगितलं, फोटो पाठवलाय, मशीननं ‘मिळालं’ म्हटलंय, आन् आता फोटो न्हाई. ह्या बिघाडाची ह्याच्यापरीस नीट तक्रार कुणी केलीया? मी बी नंतर. आपुन ऐकलं न्हाई, ह्यो आपला दोष. तिनं कळवलं व्हतं.”

असं नाव घालायचं तर त्या माणसाला विचारावं लागतं. त्यांनी फोन लावला आणि मला ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. संगीता तेव्हा कोरेगावात एका औषधाच्या दुकानात होती. अहवालातलं वाक्य बघून कुठल्याही रुग्णालयाने तिला घेतलं नव्हतं.

“पोरी, तुजं नाव घालू का एका जागी?”

“कशात चाचा? चौकशीत नगा, तिथं एकदा हाय.”

“कर्नेलमधी. जगातल्या मशीनमधी जातंय ते. बिघाड तू कळवलास म्हणून.”

मागे गिऱ्हाइकाचा आवाज आला, खोकल्याचं औषध मागत होतं.

“घाला की,” ती म्हणाली. “आवं, पर तिथले लोक मला निष्काळजी म्हणनार न्हाईत न्हवं?”

फोन ठेवल्यावर यासीनभाई खिडकीकडे तोंड करून बसले. मी रजिस्टर उघडून काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

माफीपत्र त्यांनी दिलं नाही. प्रशासकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “अकरा मिन्टांची माफी मागतो सायेब. आदी तुमी तिच्या तीन वर्सांची मागा.” हे त्यांनी मला सांगितलं नाही, बाळूने सांगितलं. तो दिवे बदलायला आत शिडीवर होता. राजीनामा त्याच संध्याकाळी गेला. पुढे ते साताऱ्यात, मुलीच्या घराजवळ, एका लहान महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत लागले.

काही महिन्यांनी पुण्याच्या कंपनीचा माणूस आला आणि त्याने आमची यंत्रणा अद्ययावत केली. नव्या कर्नेलमध्ये त्या पाच ओळी आपसूक आल्या. त्यानंतर सर्व्हर अडकला नाही. प्रशासकांनी वार्षिक सभेत याचं श्रेय कंपनीच्या तत्पर सेवेला दिलं. शोकसभेत ज्याचा पाया मोमीन यांनी घातला असं ते म्हणाले, तो हाच सर्व्हर. खाली बसताना त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता. मला वाटतं, त्यांना खरोखरच काही आठवत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

यासीनभाईंना मी शेवटचं पाहिलं ते साताऱ्याच्या बसस्थानकावर. मी ग्रंथपालांच्या एका बैठकीला गेले होते, ते मला गाडीत बसवायला आले. वजन उतरलं होतं, पण चाल तीच. गाडी लागायला वेळ होता. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी हात झटकला.

“त्या अहवालाचं काय झालं?”

“तसाच आहे.”

“तुमी फेरविचाराचा अर्ज दिला का?”

मी म्हटलं, मी समितीची सदस्य नव्हते, मी फक्त लिहिणारी.

“म्हणूनच तुमीच द्यायचा. लिवणारीनं सांगितलं की वाक्य खोटं हाय, तर त्यांना बघावं लागंल. माझं ते ऐकणार न्हाईत, मी भांडकुदळ. संगीचं तर न्हाईच. तुमचं ऐकतील, तुमी कवा काय बोलला न्हाई.”

गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. मी ‘बघते’ म्हणाले. ते खिडकीखाली उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातलं तिकीट पुन्हा वाचायला घेतलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. ते वळले आणि फलाटावरच्या गर्दीतून बाहेरच्या रस्त्याकडे चालत गेले. खांदे तसेच रुंद, शर्टाच्या पाठीवर घामाचा ओला पट्टा. ते दिसेनासे झाले तोवर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

मी अर्ज दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ, साहेबांचा मूड बघून देऊ. सात महिने गेले, आणि मग तो मंगळवार आला.

शोकसभेनंतरच्या सोमवारी मी अर्ज दिला. त्यात लिहिलं की निष्कर्षातलं ते वाक्य माझ्या हातचं आहे, ते चूक आहे, आणि लिहिताना ते चूक असल्याचं मला कळत होतं. सोबत यासीनभाईंची यादी जोडली, मान्य झालेल्या दुरुस्तीचं पान जोडलं, त्यावरचं संगीताचं नाव लाल शाईने अधोरेखित केलं. आवक विभागाने शिक्का मारला. परवा मी विचारायला गेले तेव्हा प्रशासक म्हणाले, “बाई, तुम्हीसुद्धा?” आणि त्यांनी दुसरी फाईल उघडली.

संगीता अजून कोरेगावात औषधाच्या दुकानात आहे. अर्जाला उत्तर आलेलं नाही. अहवाल बदललेला नाही.